तिरप्या जमिनीचा फोटो

अप्पा, तुम्ही नको म्हणाला होतात ती गोष्ट मी आज केली, आणि करताना तुमची एकेक सूचना पाळली. दोन्ही एकाच वेळी कसं जमलं हे मला अजून नीट उमगलेलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आई गावी, राजेश्वरच्या आपल्या घरातच आहे. मी गुलबर्ग्याला कॉलेजात भूगोल शिकवते, आणि गेल्या काही हिवाळ्यांपासून सुट्टी लागली की लांबच्या एका क्लबात येऊन विमानातून उड्या मारते. चाळिशी उलटल्यावर हे खूळ कुठून आलं म्हणून लोक विचारतात. तुम्हाला ते सांगायला नको. आज पहिल्यांदा डोक्यावर कॅमेरा बांधून उडी मारली. हवाई छत्रीचं तुम्ही मला सगळं शिकवलंत, कॅमेऱ्याचं मात्र विचारू दिलं नाहीत. का, हा प्रश्न मी कॉलेजात असल्यापासून स्वतःला विचारत आले आणि उत्तरही स्वतःच देत आले: मुलगी म्हणून. ते उत्तर बरोबर होतं का, एवढंच मला तुमच्यापाशी बसून तपासून बघायचं आहे.

फौजेतून तुम्ही कायमचे घरी आलात तेव्हा बरोबर एक ट्रंक होती, बाद झालेल्या छत्रीचं कापड होतं आणि तो फोटो. जवानांना उडी शिकवायची आणि डोक्यावर कॅमेरा बांधून, त्यांच्याबरोबर पडत, त्यांच्या चुका टिपायच्या, हे तुमचं काम. पण फोटोत एकही जवान नव्हता. नुसती जमीन, तीही तिरपी, एका बाजूला कलंडलेली. मधून पांढरी वाट, उजव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका, आणि डावीकडे वरपासून खालपर्यंत पांढरा पट्टा, चुन्याचा हात पुसल्यासारखा. असला फोटो तुम्ही बैठकीत नाही, स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यांवर लावलात. शेजारच्या अक्का विस्तव न्यायला यायच्या आणि वर बघून म्हणायच्या, "भाऊजी, ह्यात दिसायलंय काय?"

"तुमच्या मालकाची अक्कल."

"कुटं हाय?"

"तीच तर धुंडायलोय, अक्का."

आईला तुम्ही वेगळंच सांगितलं होतं. तो काळा ठिपका म्हणजे चिंताकी, तिचं माहेर. "वेशीजवळचा आंबा न्हाई का, त्यो." आई डोळे बारीक करून म्हणायची, "आंबा चिंचोक्याएवढा बी दिसंना." तुम्ही म्हणायचात, "वरून समदं तसंच दिसतंय." तिला ते पटलं नव्हतं, तरी नागपंचमीला माहेरी जाणं झालं नाही की भाकरी थापता थापता ती त्या कोपऱ्याकडे बघायची; मी पाहिलंय. मला मात्र तुम्ही काहीच सांगितलं नाहीत. "खरं सांगा ना, अप्पा," म्हटलं की, "फोटोत जे दिसतंय ते," एवढंच.

ओसरीवरची ती दुपार मला अजून दिसते. आईचं वाळलेलं लुगडं लांबच लांब पसरलंय, एक टोक तुमच्याकडे, दुसरं माझ्याकडे. छत्रीची घडी कशी घालायची ते तुम्ही लुगड्यावर दाखवताय. "काठावर काठ. घाई कामून करायलीस? वर जाऊन उलगडून बघनार हायस का?" मी काठ सरळ करते. दमट छत्री कधी बांधायची नाही, कापड एकमेकांना चिकटतं. दोऱ्या आधी वेगळ्या करायच्या, मग कापडाला हात लावायचा. आणि एक सूचना मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून कधीच ऐकली नाही: "घडी घालनाऱ्यानं जेवून यावं. भांडून यीव नये." आतून आईचा आवाज येतो, "भांडून यीव नये म्हनं! माझं लुगडं घिऊन बसलेत दोघं. मी काय पंचा नेसू?" तुम्ही हसता, पण हात हलवत नाही, हाताखालची घडी सुटेल म्हणून.

मग अंगणातल्या ओट्यावरून कडब्याच्या ढिगावर उड्या. पाय जोडून, गुडघे जरा मोडून, पायावर न थांबता अंगानं लोळायचं. मी प्रत्येक वेळी खाली बघायचे आणि तुम्ही ओरडायचात, "जमिनीकडं बघू नको! ती कुटं जायली न्हाई." क्लबातल्या शिक्षकांनी हेच वाक्य इंग्रजीत सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना, त्यांना वाटलं, बाई घाबरल्या. असं सगळं तुम्ही शिकवत होतात, आणि मी कधी खरोखर विमानात बसेन असं आपल्या दोघांपैकी कुणालाही वाटत नव्हतं. निदान मला तरी असं वाटायचं की तुम्हाला वाटत नाही.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी सुट्टीला आले तेव्हा सरळ विचारलं, "आता कॅमेरा कसा बांधायचा ते सांगा." तुम्ही जेवत होतात.

"छत्रीचं काय बी इचार. कॅमेऱ्याचं न्हाई."

"कामून?"

"पडनाऱ्याला एकच काम असावं. कॅमेरा डोक्यावर चढला की डोकं आपलं ऱ्हात न्हाई." एवढं बोलून तुम्ही भाकरी मोडलीत. मी दुखावले. रोजनिशीत लिहिलं की मुलगा असते तर सांगितलं असतं, आणि हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढं ते तपासायचं मी विसरूनच गेले. खरं तर नको म्हणूनही तुमच्या तोंडून एकेक सुटत होतंच. आमटी ओतता ओतता म्हणायचात, कॅमेऱ्याच्या टोपीचा हनुवटीखालचा पट्टा डाव्या हातानं सुटला पाहिजे, एकाच हातानं, घाम असताना. टोपीवर टोकदार काही नसावं, दोरीला अडकायला निमित्त लागतं. छत्री उघडताना मान सरळ हवी. वळलेल्या मानेवर कॅमेऱ्याचा झटका बसला तर मान जाते. "आमटीत मीठ हाय का त्ये सांगा आदी," आई म्हणायची. तुम्ही दचकून गप्प व्हायचात, कुणीतरी चोरून ऐकलं असावं तसे.

आणखी दोन गोष्टी तेव्हा मला जोडता आल्या नव्हत्या. त्या बाद छत्रीचं कापड आपण खळ्यावर तुरीच्या राशीवर पांघरायचो. एकदा वाऱ्यानं ते असं फुगलं की अक्कांचे मालक दोरी धरून अर्धं खळं फरफटत गेले. तुम्ही धावत, ओरडत होतात, "सोड! सोड म्हनलं की!" ते काही सोडेनात. फुफाट्यातून उठून म्हणाले, "अप्पा, इतकं भारी कापड, सोडू कसं?" सगळं खळं हसलं. तुम्ही हसला नाहीत. "धरायला कुनाला बी येतंय," एवढंच म्हणालात आणि कापडाची घडी घालत बसलात. दुसरी गोष्ट अगदी लहान. मी विहिरीवरून डोक्यावर घागर घेऊन येत होते आणि तुम्ही दारात उभे राहून बघत होतात.

"मान कशी गं हालत न्हाई तुजी?"

"हालली की पानी सांडतंय."

"हां," म्हणालात, आणि मी आत जाईपर्यंत बघतच राहिलात. काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखं तोंड होतं.

या सगळ्याचा उलगडा गेल्या दिवाळीत झाला. क्लबानं मला सांगितलं होतं की आता माझ्या पुरेशा उड्या झाल्या, हवं तर मी कॅमेरा बांधावा. मी कॅमेऱ्याची टोपी घेऊन राजेश्वरला गेले. पट्टा मनासारखा नव्हता, एका हातानं सुटत नव्हता. म्हणून हुमनाबादच्या चाचांना बोलावलं. तुमच्याच तुकडीत ते छत्र्या शिवायचे, आता मोटारीच्या सीटांची कव्हरं शिवतात. स्वयंपाकघरात पाटावर बसून, सुई-दोरा काढून त्यांनी पट्टा उसवला, आणि पाणी प्यायला मान वर केली तेव्हा फोटो दिसला. तांब्या तसाच हातात राहिला.

"ये हियाँ लगा के रखे बावा?"

मी म्हटलं, हो, अप्पांनीच लावला, पण हा कशाचा फोटो आहे ते कुणालाच माहीत नाही. चाचा आईकडे बघू लागले, सांगावं की नको म्हणून. मग सांगितलंच. एका उडीत छत्री उघडताना तुमच्या कॅमेऱ्यात दोरी अडकली. छत्री अर्धीच फुलली, मान मागं ओढली गेली. "पट्टा सख्त था, बेटी. दोनो हाथां लगाना पडा. दोनो हाथां पट्टे पे, तो राखीव छत्री कौन खोलना?" शेवटी पट्टा सुटला. तुम्ही टोपी, कॅमेरा सगळं सोडून दिलंत, आणि छत्री फुलली. कॅमेरा गव्हाच्या शेतात सापडला, फुटलेला. चावी भरून चालणारा सिनेमाचा कॅमेरा होता. एकदा खटका लावला की चावी उतरेपर्यंत आत फिल्म फिरत राहायची. "उने अकेला गिरते गिरते बी खींच रा था. ये उसका आखरी टुकडा." तो पांढरा पट्टा म्हणजे कॅमेऱ्याच्या फुटलेल्या अंगातून आत शिरलेलं ऊन.

मी फोटोकडे बघत राहिले. ती जमीन तुम्ही पाहिलीच नव्हती. कुणीच पाहिली नव्हती.

आई इतका वेळ तवा पुसत होती. ती म्हणाली, "म्हंजे हे चिंताकी न्हाई?"

चाचा गडबडले. "भाभी, कोने में... हौ, हो बी सकता."

"ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. "इतकी वर्सं तिकडं बघितलं. आता कुटं नवं माहेर धुंडू?" आणि तिनं तवा चुलीवर ठेवला.

मग मी माझा प्रश्न काढला, मोडक्या दखनीत. अप्पांनी मला कॅमेरा का दिला नाही? मी लडकी म्हणून? चाचा सुई दातांत धरून हसले. "उल्टा बोलते थे. लडकोंकी गर्दन कच्ची. मेरी बेटी घागर लेके आती, एक बूंद नै गिरता, कॅमेरा उसीच के सर पे होना."

"फिर कायकू नै सिखाये?"

"डरते थे. अपने वास्ते नै. तेरे वास्ते."

अप्पा, मला ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणूनच संशय आला. चाचा गोड बोलणारे. मित्राच्या मुलीचं मन राखायला माणूस काहीही बोलतो. पण घागरीचं त्यांना कुठून ठाऊक? त्या दिवशी दारात तुम्ही होतात आणि मी होते, तिसरं कुणी नव्हतं. म्हणजे तुम्ही मला कधीतरी आकाशात पाहिलं होतंत, माझ्या मानेसकट, आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली होतीत. माझं उत्तर चुकलेलं होतं. सगळंच चुकलं होतं का, हे मी अजून ठरवू शकत नाही. मुलगा असता तर त्याच्यासाठीही तुम्ही इतके घाबरला असता का, हे मला माहीत नाही आणि कळणारही नाही. फोटो स्वयंपाकघरात का, तेही कळलेलं नाही. जीव वाचला त्याची खूण? की पट्टा ढिला ठेवायची रोजची आठवण? की तुम्हालाही नुसतं कुतूहल होतं, आपण हात सोडल्यावर कॅमेऱ्यानं काय काय पाहिलं याचं? हे तिसरं असावं असं मला वाटतं, पण ते मला आवडतं म्हणूनही वाटत असेल.

आज सकाळी घडी मी स्वतः घातली, नाश्ता करून, कुणाशी न भांडता. टोपीच्या कडा चिकटपट्टीनं झाकल्या, टोकदार काही ठेवलं नाही. चाचांचा पट्टा डाव्या हातानं सोडून बघितला, मग हात ओला करून पुन्हा. विमानातून पडताना माझ्यासमोर क्लबातली दोन मुलं होती, त्यांची फिल्म घेतली. ती कशी आलीय ते धुतल्यावर कळेल. छत्री उघडली तेव्हा मान सरळ होती. झटका बसला, पण घागरीपेक्षा जास्त नव्हता. मग सगळं शांत झालं. खाली ज्वारीची शेतं, एक वाट, कोपऱ्यात झाडांचा काळा ठिपका. सगळं अगदी सपाट, कुठंच तिरपं नाही.

हे कुणाला पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहिता येते. क्लबात सांगितली तर मला पुन्हा विमानात बसू देणार नाहीत. छत्री नीट उघडली होती, दोरी कुठंही अडकली नव्हती, कॅमेऱ्यात फिल्म अजून फिरत होती, खाली रिकामं रान होतं. आणि माझा डावा हात हनुवटीखाली, पट्ट्याकडे गेला. कॅमेरा सोडून द्यावा आणि बघावं, त्याला एकट्याला काय दिसतं, असं वाटलं. सोडला नाही. कॅमेरा क्लबाचा आहे. पण हात तिथं बराच वेळ होता, अप्पा.