नदीदरवाजात अडकलेली वरात

मांजरेकाठ, किल्ल्याच्या आतून

आदरणीय व्याही शंकरप्पा यांस वीरण्णाचे शरणार्थ.

आपली तब्येत बरी असावी. मघाशी ट्रकपलीकडून आपला आवाज आला, त्यावरून छाती तरी शाबूत वाटते. (भिंतींच्या जाडीमुळे इथे फोन लागत नाही, म्हणून हे पत्र ट्रकखालच्या फटीतून सरकवीत आहे.)

रेणुकाचे लग्न किल्ल्यात करायचा हट्ट माझाच. गावाला एकदा इथल्या पंगतीत बसवले की उद्या कुणी इथला दगड गोठ्याला नेणार नाही, हे मी किल्ला वाचवायच्या सभांतून बोललो आहे आणि बोलणार आहे. घोटाळा वरातीचा झाला. नवरदेव घोड्यावर येणार होता. तुमच्या पुतण्याने, रामलिंगाने, पुढे डीजेचा ट्रक घातला. हा दरवाजा मात्र मुद्दाम वाकडा बांधलेला. पहिली कमान ओलांडली की समोर भिंत, मग डावीकडे काटकोनात दुसरी कमान. (हत्तीने पळत येऊन दार फोडू नये, ही युक्ती. काम बहामनी काळातले म्हणतात.) इतकी शतके हत्ती काही आला नाही, शेवटी आला तो रामलिंग. ट्रक वळणात असा बसला आहे की पुढे सरकेना, मागे सरकेना, आणि भिंतीचा चुनासुद्धा उडालेला नाही. कारागिराचे कौतुक करावेसे वाटते. ही ती वेळ नव्हे, हेही कळते.

नवरी, लग्न लावणारे जंगम स्वामी आणि मी आत. जावईबापू सिद्धराम आणि तुम्ही बाहेर. मुहूर्त टळून राहिला. अशात आपण ओरडलात, "वीरण्णा, कमान पाडू देता का लग्न मोडू? जेसीबी बोलावलाय." माझे म्हणणे एवढेच, की ट्रकवरचा लोखंडी सांगाडा कापला तर उद्या पुन्हा जोडता येईल. ही कमान जोडणारा माणूस आता गावात नाही, लातुरातही नाही.

आपला,
वीरण्णा

ता. क. : रामलिंगाला निदान गाणे बंद करायला सांगा. बुरुजावरची मधमाशी उठून राहिली.

दुसरा ता. क. : आत्ता मागे वळून पाहिले तर मांडव रिकामा. पाण्याला जायची एक चोरदिंडी नदीकडे उघडते. तिथून नवरी, स्वामी, सगळी पाहुणेमंडळी निघून गेली आणि अक्षता तुमच्या बाजूला पडल्याही. फटीतून रेणुकाचा निरोप आला, "अप्पा, भाषण संपलं की पाठवणीला या." ती दिंडी बारक्या माणसांच्या मापाची आहे, मला जमेना. पाठवणी थोपवा. थोपत नसेल तर चालू द्या जेसीबी. फक्त दगड काढण्याआधी प्रत्येकावर खडूने आकडा टाकायला लावा.