पहिल्याच वाक्यात मुद्दा

जयनगर, गुरुवार, १२ सप्टेंबर १९९६

अण्णांचं सुतक फिटलेलं नाही, तरी आज इंग्रजीच्या क्लासला गेले. मिस म्हणाल्या, निबंधाच्या पहिल्याच वाक्यात मुद्दा सांगायचा, मग एकेका परिच्छेदात एकेक कारण, शेवटी निष्कर्ष. मी लिहिलं, माझे थोरले भाऊ अण्णा सगळ्यांना धीर द्यायचे. कारणं भराभर सुचली. मिसनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि मला आनंद झाला. आनंद, या दिवसांत?

घरी वहिनींनी विचारलं, "वन्सं, कुठं गेला होतात?"

"देवळात."

"सुतकात?" एवढंच म्हणून त्यांनी माझं ताट वाढलं.

वहिनींना सांगितलेलं पहिलंच वाक्य खोटं, पुढे कारण कुठलं देणार? वहिनी संध्याकाळभर एकट्या होत्या. माझ्या जागी अण्णा असते तर त्यांच्याजवळ बसले असते. मी तसं नुसतं लिहून आले.