दगड आपल्या जागीच जड

॥ प्रभूची कृपा सर्वांवर असो ॥

प्लोव्दिव, २ फेब्रुवारी १९९८

चि. त्रेंदाफिला हिस हरालांपीचे अ. उ. आ.

ज्याच्या कृपेवाचून झाडाचे पान हलत नाही, त्याचे स्मरण करून हे पत्र आरंभितो. माझा गुडघा थंडीत कुरकुरतो. धाकटा नातू त्याला दाराची बिजागरी म्हणतो. बाकी क्षेम.

पत्रास कारण की, तुझ्या लेकीचे, सेवदाचे पत्र आले. स्पेनमध्ये वृद्धाश्रमात तिला काम मिळाले असून बुधवार, ४ मार्चच्या बसचे तिकीटही हाती आहे. पण मोठ्या उपवासाआधीच्या, क्षमेच्या रविवारी तू तिला निरोप दिलास तरच ती जाईल, नाहीतर तिकीट परत करील. मी तिच्या वतीने रदबदली करावी असे तिने लिहिलेले नाही. तू तिला काय म्हणालीस तेवढेच कळवले आहे: दगड आपल्या जागीच जड.

ते वाचून मी चष्मा काढून ठेवला. पंचवीस वर्षांपूर्वी त्याच रविवारी तू माझ्या स्वयंपाकघरात दोन लिंबे घेऊन आलीस, माझ्या हाताचे चुंबन घेतलेस, क्षमा मागितलीस आणि नवऱ्याच्या, कोस्तादिनच्या मागोमाग बुर्गासला जाण्याची परवानगी मागितलीस. त्या दिवशी थोरल्याने धाकट्याला द्यायचे उत्तर एकच: देवाने क्षमा केली, माझीही आहे. ते सोडून मी ती म्हण उच्चारली, म्हणजे माणसाचे वजन आपल्या गावातच. पाहुण्यांनी माना डोलावल्या. तू घरी जाऊन बांधलेले गाठोडे सोडलेस.

बाळ, तोच घोट मुलीला पाजू नकोस. मायेत खंड पडू देऊ नकोस.

तुझा,
हरालांपी

•

गोर्नो ब्रेस्ते, ९ फेब्रुवारी

ती. दादांना त्रेंदाफिलाचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. गुडघ्याला एरंडेल चोळून लोकरी पट्टा बांधा. वहिनी असत्या तर मला हे लिहावं लागलं नसतं.

दादा, रागावू नका, पण तुमचं पत्र वाचून हसू आलं. आम्हाला जागच्या जागी बसवून तुम्ही स्वतः मुलाकडे गेलात, तेही चौथ्या मजल्यावर. इतक्या उंचावर दगड चढवायला किती माणसं लागली?

आता खरं सांगते. ती म्हण तुमच्यासाठी एका दुपारची होती, मी तिच्यावर पंचवीस वर्षं काढली. चर्चच्या पायऱ्या झाडल्या. कम्युनिस्ट राजवटीत लोक चर्चला यायला घाबरायचे त्या काळातही कुमारी मातेपुढची समई विझू दिली नाही. नवऱ्यानं तिकडे दुसरा संसार थाटला, तेव्हा गावात कुणी माझी कीव केली नाही. ही राहिली, असं म्हणाले. हातात फक्त तेवढंच उरलं होतं. आज तुम्ही म्हणता, म्हण चुकली. मग मी कोण? पंचवीस वर्षं एका चुकीला तेल घालत बसलेली बाई?

वाकलेलं डोकं तलवार कापत नाही, असं आजोबा म्हणायचे. वाकलेली मान पुन्हा सरळ होत नाही, हे मात्र कुणी म्हणत नाही.

सेवदा इथेच राहील. आशीर्वाद असू द्या.

तुमची,
त्रेंदाफिला

•

प्लोव्दिव, १६ फेब्रुवारी

चि. त्रेंदाफिलास अ. उ. आ.

चौथ्या मजल्याचा टोला बसला आणि तो योग्यच होता. सुनेला वाचून दाखवला, तर ती तुझ्याच बाजूची निघाली.

तुझे राहणे चुकीचे होते असे मी म्हणत नाही. त्या समईचा उजेड देवाने पाहिला आहे. चूक उत्तर देणाऱ्याची आहे. अब्राहामास देवाने आपला देश आणि आपले गोत सोडून निघण्यास सांगितले, हे मी व्यासपीठावरून किती वेळा वाचले असेन! त्या दिवशीही ते मला पाठ होते. पण ते सांगितले असते तर पाहुणे विचारात पडले असते, आणि म्हणीने माना हलतात. मूर्खाच्या तोंडी सुभाषित म्हणजे दारुड्याच्या हाती रुतलेला काटा, असे बायबलातला तो ज्ञानी राजा सांगून गेला. काटा तुला रुतला आणि तो मला दिसलाही नाही.

तरी एवढे ध्यानात घे की ते वाक्य माझे नव्हते. आजोबांचे होते, त्यांच्याही आजोबांचे होते, साऱ्या डोंगराचे होते. मी केवळ पुढे पोचवले. तू ते आणखी पुढे पोचवू नयेस, इतकीच प्रार्थना.

स्नेह राखावा.

हरालांपी

•

गोर्नो ब्रेस्ते, ५ मार्च

ती. दादांना सा. न. वि. वि.

सेवदा काल गेली.

रविवारी मार्तेचा, वसंताच्या स्वागताचा दिवसही होता. सकाळी उठल्याबरोबर तिनं माझ्या मनगटाला लाल-पांढरा धागा बांधला. दुपारी शेजारची पेना तिच्या दोन सुनांना घेऊन आली. बानित्सा खायला म्हणून आली होती, पण खरी आली होती ती मी काय म्हणते ते ऐकायला. सेवदा गुडघ्यावर बसली, माझ्या हाताचं चुंबन घेतलं, म्हणाली, आई, मला क्षमा कर. मी गप्प. पेनाला वाटलं म्हातारीला आठवत नाही, म्हणून तिनंच सुरुवात करून दिली. दगड आपल्या, म्हणाली, आणि पुढचं मी पुरं करीन म्हणून तोंडाकडे बघत राहिली. सुनाही बघत होत्या. दादा, ते दोन शब्द माझ्या जिभेवर होते. खाली बघितलं, तर पोरीनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. मार बसणार हे कळलेलं मूल मिटतं तसे.

मी म्हणाले, “देवानं क्षमा केली, माझीही आहे. जा.”

पेनानं घास तसाच ताटात ठेवला. सेवदा कितीतरी वेळ उठलीच नाही. मग उठली आणि न विचारताच माझी जाड शाल बॅगेत कोंबली. तिकडे उकडतं म्हणतात, तरी नेऊ दिली.

आता तुम्हाला कधी न सांगितलेली गोष्ट. त्या वर्षी बुर्गासहून कोस्तादिनची तीन पत्रं आली होती. खोली भाड्यानं घेतली आहे, खिडकीतून बंदर दिसतं, पोरीसाठी पाळणा मागून आणला आहे, असं लिहायचा. तिन्ही वेळा मी त्याला तुमची म्हण उलट टपालानं लिहून पाठवली. दुसरं काहीच लिहिलं नाही. चौथं पत्र आलं नाही.

आणि तुम्ही लिहिता की वाक्य तुमचं नव्हतं. आजोबा तर त्याच्या आधीच मातीत गेले होते. डोंगर कुणाशी बोलत नाही. मग मला अडवलं कुणी, दादा? एवढंच सांगा. पोरीला क्षमा करताना शेवटी जीभ वळली. तुमच्या बाबतीत अजून वळत नाही.

पट्टा बांधत जा.

त्रेंदाफिला

•

प्लोव्दिव, १० मार्च

चि. त्रेंदाफिला हिस,

तुला मी अडवले.

हे तीन शब्द लिहायला मला चार दिवस लागले. आता कारणही लिहितो. त्या वर्षांत दर हिवाळ्यात चर्चमधली माणसे कमी होत होती. कुणी कारखान्याकडे गेले, कुणी भीतीने घरी बसले. पुरोहिताची सख्खी बहीणही गाव सोडून गेली तर लोक काय म्हणतील, याच भयाने मी ग्रासलो होतो. मला देवासाठी नव्हे, लोकांना दाखवण्यासाठी कुणीतरी राहिलेले हवे होते. “तू जाऊ नकोस, मला तुझी गरज आहे,” असे म्हणालो असतो, तर तुला नाही म्हणता आले असते. म्हणीला नाही कसे म्हणणार? म्हणून मी तिच्या आड उभा राहिलो. पूर्वजांचा शब्द मला दिव्यासारखा सोपवला होता. तो मी तुझ्या दाराला कडी म्हणून घातला. पापनिवेदन ऐकण्यात माझा जन्म गेला, पण हे पाप मी कुणापुढे उच्चारले नाही, कारण ते माझे आहे हेच मला मान्य नव्हते.

क्षमेसाठी धाकट्याने थोरल्याकडे जायचे, ही आपली रीत. शनिवारच्या बसने मी तुझ्याकडे येत आहे. झगा घालून येणार नाही. गुडघा वाकेल की नाही ठाऊक नाही, पण वाकवीन. नेमलेले उत्तर देण्याचे बंधन तुझ्यावर नाही. तू गप्प राहिलीस तर तेही मी ऐकून घेईन आणि परतीच्या बसने निघेन. तुला जीभ वळवावी लागावी असे मी काही मागत नाही.

हे पत्र पेनाला वाचून दाखव, तिच्या सुनांनाही. लपवण्यासारखे यात आता काही उरलेले नाही. जो कोणी हे वाचील, त्याच्या घरातून निघालेल्यांची वाट प्रभू सुखाची करो, मागे राहिलेल्यांना एकटे न ठेवो, आणि आपले बोलणे आपले म्हणून सांगण्याचे बळ सर्वांना वेळेवर देवो.

तुझा भाऊ,
हरालांपी