बांधावरचा उजेड

५ एप्रिल

आले एकदाची. पुण्याचं घर भाड्याने दिलं, भांडीकुंडी वाटून टाकली, दोन पेट्या आणि कुकर घेऊन इथे दाखल. माझा धाकटा भाऊ रत्नपाल स्टँडवर रिक्षा घेऊन उभा होता. पेट्या बघून म्हणाला, अक्का, राहायला आलीस की बदलीवर? मी म्हटलं, तपासणीला आले आहे, नीट वाग. बऱ्याच दिवसांनी दोघं हसलो.

गाव लहान, उरणच्या पुढे, खाडीला चिकटून. घराला दोन खोल्या, पुढे ओटी, मागे शेवगा. रस्ता ओलांडला की मिठागरं. पाण्याचे चौकोन, त्यांच्यामधून मातीचे बांध, बांधांवर मिठाच्या राशी. दुपारी तिकडे बघवत नाही इतकं पांढरं. लांब न्हावा शेव्याच्या क्रेन दिसतात. निवृत्त होईपर्यंत रत्नपाल तिथे कंटेनरच्या नोंदी करायचा.

शेजारच्या सगुणाबाई निवट्यांचं, खाडीच्या चिखलातल्या माशांचं, कालवण घेऊन आल्या. आगरी बाई, वयाने माझ्याएवढ्याच. लग्न का नाही केलं, हे आल्या आल्या विचारलं. वेळच मिळाला नाही, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "मंग आता हाय का?" बाई आवडली. कालवणात मीठ मात्र जास्त.

९ एप्रिल

इथे का आले ते एकदा लिहून ठेवते.

रत्नपालची बायको भावना अंगणवाडीत शिकवायची. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात, भर दुपारी बांधावरून घरी येताना ती नाहीशी झाली. मिठागरावरची माणसं सांगतात की वरून उजेड उतरला, उन्हाहून पांढरा, आणि बांधावर नुसती उघडी छत्री राहिली. खाडी धुंडाळली, काही मिळालं नाही. माझं मत सरळ आहे: ऊन लागून घेरी आली असेल, खाली खाडी, वर भरती. माझी सगळी नोकरी सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासण्यात गेली. पाण्याच्या पोटात काय काय राहतं ते मला कोणी सांगू नये.

रत्नपालचं म्हणणं वेगळं. तिला परग्रहावरच्यांनी नेलं. भिण्यासारखं त्यात काही नाही, अभ्यासू मंडळी आहेत, बघतील आणि आणून सोडतील. म्हणून तो रोज तिचं ताट वाढतो. तिचं निवून जातं आणि त्याचंही तसंच राहतं. त्याची मुलगी नेत्रा ठाण्याला असते. ती फोनवर रडली. आत्या, बाबा एक दिवस त्या बांधावर जाऊन उभे राहतील आणि परत येणार नाहीत, म्हणाली. तसं मी होऊ देणार नाही. तेवढ्याचसाठी आले आहे.

१४ एप्रिल

जयंती. रत्नपाल पांढरा सदरा घालून मिरवणुकीत चालला, दोनदा भात घेतला. बरं वाटलं.

संध्याकाळी ओटीवर त्याची आणि सगुणाबाईंची जुंपली. सगुणाबाईंच्या मते वर कोण आहे ते महत्त्वाचं नाही, त्यांना भ्यायलाच हवं. "तुजे ते परग्रहवाले पावण्यासारखे येतात व्हय रं? चाय ठेवू का त्यांना?" रत्नपाल म्हणाला, ठेवा, साखर कमी.

मग त्यांनी सासऱ्यांच्या भावाची, बाळारामची, गोष्ट सांगितली. त्यालाही तरुणपणी बांधावरूनच नेलं. घरच्यांनी रडून रडून शेवटी दहावं-बारावं केलं. नंतर एका दुपारी तो आला, होता तसाच तरुण. दारात उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना. वाटसरूसारखं पाणी मागितलं, प्याला आणि चालू लागला. ज्याचं केलं त्याला घर राहत न्हाय, असं म्हणून त्या उठल्या. गोष्ट चांगली होती. रत्नपाल मात्र उठून बांधाकडे बघत उभा राहिला.

२२ एप्रिल

आज मी त्याला धरून बसवलं आणि विचारलं, न विचारता माणूस उचलणारे अभ्यासू कसे? तो म्हणाला, अक्का, तू नाही का विहिरीतून बाटलीभर पाणी उचलायचीस? पाण्याला विचारायचीस?

मी हसले. मग त्याने विचारलं, तपासून झालं की उरलेलं पाणी त्याच विहिरीत परत नेऊन ओतायचीस ना?

मी खोटं बोलत नाही. आम्ही ते बेसिनमध्ये ओतायचो.

तो उठून आत गेला. आज ताट वाढलं, पण स्वतः पानावर बसलाच नाही.

३० एप्रिल

निर्णय घेतला. भावनाचं पुण्यानुमोदन करायचं, गेलेल्या माणसासाठी करतात ते. नेत्राला पटलं. या अर्धवटपणाने माणूस झिजतो. रत्नपाल इतकंच म्हणाला, तुला बरं वाटत असेल तर कर.

सगुणाबाई धावत आल्या. बाय, आसं करू नको, बाळारामचं सांगितलं ना तुला. मी त्यांना नीट समजावलं की आम्हा बौद्धांत दहावं-बारावं नाही. आम्ही आत्मा मानत नाही, पिंड नाही, कावळा नाही. माणसाची आठवण करायची, दान द्यायचं, संपलं. तुमचा नियम आम्हाला लागू नाही. त्या म्हणाल्या, "आगो, पण फोटोला हार घालनार ना?"

उरणहून तसबीर करून आणली. खाली सुबक अक्षरांत: कालकथित भावना रत्नपाल. आपल्या लोकांत गेलेल्या माणसाच्या नावाआधी हाच शब्द लावतात. कैलासवासी नको, स्वर्गवासी नको. मला तो नेहमीच स्वच्छ वाटत आला आहे.

८ मे

नीट पार पडलं. भन्तेजी पनवेलहून आले. त्रिसरण, पंचशील, नंतर परित्राण. रत्नपालने स्वतःच्या हाताने पांढऱ्या फुलांचा हार घातला. नेत्रा संध्याकाळच्या बसने परत गेली.

रात्री त्याने एकच ताट घेतलं आणि पोटभर जेवला. सुटला एकदाचा, असं वाटलं. मीही खूप दिवसांनी दोन घास जास्त खाल्ले.

१३ मे

घडलं तसं लिहिते.

रत्नपाल गोळ्या आणायला उरणला गेला होता. भर दुपारी ओटीवर उजेड आला. उन्हाचा नव्हे. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज बंद झाला. दाराशी बाई उभी. पाय घोट्यापर्यंत मिठाने पांढरे.

भावना. तीन वर्षांत एक केस पिकलेला नाही. मला बघून तिला आनंद झाला. अक्का, कधी आलात, म्हणाली. छत्री बांधावरच राहिली हो, हे ओरडतील. एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला, आणि मग तिला भिंत दिसली.

तिने मुलांना शिकवावं तसं एकेक अक्षर वाचलं. का. ल. क. थि. त. मग माझ्याकडे वळून विचारलं, "कधी?"

आणि मी तारीख सांगितली. प्रश्न आला की बरोबर उत्तर द्यायचं, ही जन्माची खोड.

तिने मान हलवली. आत टाकलेला पाय मागे घेतला. चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेली बाई ओशाळते, तशी ओशाळली. यांना सांगू नका, म्हणाली, आणि बांधाकडे चालू लागली.

चार पावलांवर होती. हात धरता आला असता. मी जागची हलले नाही. मला तिची भीती वाटली.

१४ मे

सांगितलं त्याला. लपवणं जमलं नाही.

ओरडला नाही. तसबिरीसमोर उभा राहिला, हार काढला, घडी घातल्यासारखा हातात धरून बसला. मग विचारलं, अक्का, तिला पाणी तरी दिलंस का?

नाही दिलं.

१६ मे

तसबीर कपाटामागे ठेवली. सगुणाबाई आल्या होत्या. मोकळी भिंत बघितली. आता काढून काय हुनार, म्हणाल्या, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. कोणी असा हात फिरवून किती वर्षं झाली.

तो दुपारी बांधावर जाऊन बसतो. ओढून आणते. परत जातो.

त्याला अजून कसलीच भीती नाही. आता मलाच वाटते. त्या परग्रहवाल्यांची नाही — त्यांनी तर तिला आणून सोडलं होतं.

१८ मे

दुपारी बाहेरून कुलूप घातलं. तो आतून हळू दार वाजवत राहिला. अक्का, उघड ना. लहानपणी मी त्याला न्हाणीघरात कोंडायचे तेव्हा असाच म्हणायचा. मी ओटीवर बसून ऐकलं. संध्याकाळी उघडलं तर मलाच म्हणाला, उन्हात बसलीस, चहा करू का?

१९ मे

आज कुलूप घातलं नाही. का, ते —

त्याने माठातून पाण्याची बाटली भरून घेतली. म्हणाला, तिला इतकंच सांगून येतो की ते चुकून झालं. लगेच येतो.

मी जा म्हटलं. मीच.

२० मे

आला नाही. बाटली बांधावर. रिकामी. टोपण नीट लावलेलं.

मिठागरावरच्या माणसांनी उजेड बघितला. कोणी ओरडलं नाही म्हणतात. तो चालत गेला —

२२ मे

पोलीस येऊन गेले. खाडीत होडी घातली. मी त्यांना सांगणार होते, तिथे नाही तो —

संध्याकाळी आमची मंडळी आली. चांगली माणसं. दबक्या आवाजात विचारलं, भन्तेजींना कळवायचं का. सगळ्यांना बाहेर काढलं. या घरात कोणी कालकथित नाही. दोन ताटं वाढली आहेत. सगुणाबाईंनी तिसरं माझ्यापुढे सरकवलं. जेव म्हणाल्या. नाही गेलं.

२४ मे

नेत्रा येते म्हणाली. येऊ नको सांगितलं. रडली. काय सांगू तिला —

दार उघडंच ठेवते. दिवसभर.

२५ मे

दुपार. ओटीवर बसून लिहिते आहे. पंखा फिरतोय. आवाज नाही.

दोघं आहेत. बांधावर. तो आणि ती. त्याने तिचा हात धरला आहे. चालत इकडेच —

नाही. रस्त्यापर्यंत आले आणि पुढे चालले. घराकडे बघतसुद्धा नाहीत. कोणाच्या तरी घरावरून जावं तसे. रत्नपाल. रत्नपाल, अरे दार उघडं आहे. मी हाक मारली. तोंड उघडलं, आवाज माझा मलाच —

थांबले. वळले.

हसतोय तो. मला ओळखलं. मी उठते. पाणी घेऊन जाते, दोन पेले. उजेड ओटीवर चढला आहे. डोळे दुखत नाहीत. लिहिता येतं अजून, फक्त या पानावर माझ्या हाताची सावली पडत ना —