न्हावऱ्याच्या माळावरचा करडा तुकडा

६ मार्च १९९७, शिरूर
जमीन-वापराच्या नकाशासाठी उपग्रहाचं चित्र घेऊन दिवसभर न्हावऱ्याकडे पडताळणी. हिरवं पीक चित्रात लाल येतं. लालभडक तिथे ऊसच निघाला, सगळीकडे. खूश. येताना मोकळ्या रस्त्यावर आमचे ड्रायव्हर गायकवाड मामांनी शिकायला म्हणून जीप माझ्या हातात दिली. दोनदा बंद पाडली. "ताई, गाडीला भ्यायचं न्हाई. ती तुम्हाला भिते का?"

८ मार्च
चित्रातला करडा तुकडा. पुण्यात बसून मीच त्यावर 'पडीक' लिहिलंय. आज पाहिलं तर माळभर पोटरीएवढं वाळलेलं गवत, त्यात मेंढरं. मेंढरांचे मालक आप्पा चित्र निरखत बसले.
"ह्यात आमची मेंढरं दिसत्यात का?"
"नाही आप्पा, इतकं बारीक नाही दिसत."
"आन् गवत?"
वाळलेलं गवत आणि उघडी माती, दोन्ही चित्रात करडीच. तसं सांगितलं, 'पडीक' लिहिल्याचंही. "बरं," म्हणाले. त्यांच्या सुनेनं, लक्ष्मीनं, शेळीच्या दुधाचा चहा दिला. मस्त.
'पडीक' असंच छापलं तर उद्या ही जमीन कुणीही मागेल. कारेगावचे कारखाने काही लांब नाहीत.

९ मार्च
माळावर मामांना फुरसं चावलं. दगडावर टेकायला गेले आणि घोट्याला... मला काही सुचेना. आप्पांनी त्यांना आडवं केलं, पाय हलू दिला नाही. कुणीतरी म्हणालं, देवळात न्या. आप्पा ओरडले, "देव हितंबी हाय! आधी सुई!" लक्ष्मी मामांचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसली. "ताई, काढा गाडी."
काढली. किती वेळ पहिल्याच गिअरमध्ये होते कोण जाणे. मागून मामाच पुटपुटत होते, "क्लच... आता दुसरा टाका..."
शिरूरच्या दवाखान्यात विषावरची लस होती. होती!

१० मार्च
विषानं मामांचं रक्त अजून गोठत नाहीये. डॉक्टर म्हणतात, थांबा. मामी आल्या. मला वाटलं, मला बोल लावतील. त्यांनी जवळ घेतलं, मग मात्र मला रडू आवरेना.

१२ मार्च
रक्त गोठायला लागलं! मामांनी चहा मागितला, वर साखर कमी म्हणून कुरकुर. लक्ष्मी घरदार, मेंढरं टाकून इथेच होती. आप्पा एसटीनं भाकरी घेऊन आले.
"आप्पा, तुमचे उपकार..."
"गप बस पोरी. मानूस हाय त्यो."
माळाबद्दल अवाक्षर नाही. तेच मनाला लागलं.

१७ मार्च, पुणे
नकाशातलं 'पडीक' काढू म्हटलं, तर आमचे प्रकल्पप्रमुख सर म्हणाले, "त्यांनी मदत केली म्हणून नकाशा बदलायचा?"
"नाही सर. तिथे गवत आहे म्हणून."
"चित्रात दाखव."
गेल्या ऑक्टोबरच्या चित्रात नेमका तिथेच ढग. म्हटलं, यंदा पावसानंतरचं मागवू, गवत हिरवं असताना लाल येईल. तोवर 'पडीक' नको. सरांनी स्वतःच खोडरबर दिलं. देव त्यांचं भलं करो.

२ मे
मामा आजपासून कामावर. लंगडतात, पण जीपची किल्ली कुणाला देत नाहीत.
दुपारी न्हावऱ्याच्या बूथवरून आप्पांचा फोन. मामांची चौकशी केली आणि ठेवायला निघाले. मीच थांबवलं. सांगितलं, माळाचं अजून ठरलं नाही, ऑक्टोबरात नवं चित्र येईल, आभाळ मोकळं असलं तर.
आप्पा म्हणाले, "आधी पाऊस तरी पडू द्या, ताई."