न मागायचा शब्द

७ एप्रिल १९५८, सोमवार

अर्ज गेला! तीनदा विचारलं. तीनदा माझी नात लुदविन म्हणाली, "गेलो गो शामाय, महादूकडे दिलंय." शामाय म्हणजे आजी. महादू म्हणजे आमचा टपालवाला. मालवणहून वाळू तुडवत देवबागेत येतो, आठवड्यातून दोनदा, आणि प्रत्येक दारात पाणी पितो.

काल पास्काचा सण झाला, ईस्टरचा. मी पास्काच्या दिवशी जन्मले म्हणून बापाने नाव ठेवलं पास्कीन. किती वर्षं झाली ते बापालाच ठाऊक! ही वही लुदविनची, भूगोलाची. मागची पानं कोरी होती. मी मराठी तिसरीपर्यंत. हात विसरू नये म्हणून लिहिते. बोलते तसं लिहिलं की नात हसते, म्हणून शाळेतल्यासारखं लिहायला बघते.

काय सांगत होते? हां, अर्ज. बेळगावच्या एका इस्पितळात नर्स होण्याचं शिकवतात. तीन वर्षं. राहणं-जेवण तिथंच. शाळेतल्या बाईंनी आपणहून कागद पाठवला, वर चिठ्ठी — "लुदविनसारखी मुलगी घरी बसवू नका." कोण बसवतंय! अकरावी पास माझी नात! माझ्या सांतानला, तिच्या बापाला, बोटीवर कळवलंय. तिची आई तिला तीन वर्षांची टाकून गेली, तेव्हापासून आम्ही दोघीच.

आता अडचण लिहिते. मला देवाकडे मागता येत नाही. शब्द दिलाय.

लुदविन सहा वर्षांची असताना विषमज्वर झाला. एकविसाव्या दिवशी पोर कुणाला ओळखेना. मी दारातल्या क्रुसापाशी जाऊन पडले. म्हटलं, "हिला ठेव. इतकंच दे. याच्यापुढे मी काय्येक मागणार नाही." ठेवली! त्याला बारा वर्षं झाली. बारा वर्षांत मागितलेलं नाही. छप्पर उडालं तेव्हासुद्धा फक्त सांगितलं, "देवा, छप्पर उडालंय हां." सांगणं वेगळं, मागणं वेगळं.

रोज रात्री तेर्साची जपमाळ संपली की एकच म्हणते — देव बरें करूं. आमच्यात आभार असेच मानतात. झोपते मग.

१० एप्रिल

महादू आला. पाणी प्याला. गेला.

१४ एप्रिल

एवढ्यात कसं येईल उत्तर! लुदविन म्हणते, बेळगाव काय तारकर्लीला आहे? बरोबर. पण मी सकाळपासून चार वेळा फाटकाशी.

हिराला सांगितलं. हिरा शेजारीण, तिचा नवरा रापणीवर जाळं ओढतो, ती मासळीची पाटी घेऊन मालवणच्या बाजारात जाते. जाताना माझ्या दारात पाटी उतरवते, बांगडे घालते. मी तिला शेवग्याच्या शेंगा देते, अंडी देते. तिला म्हटलं, माझं असं असं झालंय, मागायचंय पण मागता येत नाही. पाटीवर हात ठेवून हसली मेली!

"अगो पास्कीनबाय, तू मागू नको. मी मागतंय. शबुद तू दिलंस, मी खंय दिलंय?"

"तुझो देव वेगळो गो."

"म्हणानच बरां! तुझ्या देवाक कळाचा पण नाय."

बराच वेळ विचार केला. दुसऱ्याकडून मागवलं तर ते आपलं मागणं होतं का? लादिनीच्या प्रार्थनेत आपण प्रत्येक संताचं नाव घेऊन "ओरा प्रो नोबिस" म्हणतो. पाद्री सांगतात, त्याचा अर्थ "आमच्यासाठी विनंती कर." मग ते मोजायचं का? लातीन आहे, मला कुठे कळतं. नाही मोजत.

हिराला म्हटलं, माग बाई. नारळ पण दिला एक.

१७ एप्रिल

महादू आला. कुणाचं तरी पत्र होतं, त्यानं उगाच पिशवीत हात घातला आणि मी फाटक उघडून पुढे धावले. दाजीचं होतं. पलीकडच्या वाडीतला दाजी! त्याला कोण पत्र लिहितं?

२१ एप्रिल

खरं लिहिते. इथे कोण वाचतंय!

मलाच हवं आहे. लुदविनला किती हवंय ते देव जाणे. ती हल्ली गप्प असते, शिवत बसते, पोलक्याच्या बाह्या उसवून परत घालते. पण मला हवं आहे. त्या विषमज्वरात मालवणच्या दवाखान्यात एक नर्स होती. काळीसावळी, आमच्यासारखीच. डॉक्टर यायच्या आधी तिने पोरीच्या कपाळाला हात लावला — उलटा हात, पाठीकडून — आणि म्हणाली, "आजी, उतरतोय." काचेची कांडी न लावता! तेव्हा मला पोरीच्या जिवाचं सुचायला हवं होतं. सुचलं काय? हा हात आपल्याला असता तर!

म्हणजे बघा. पोर मरणाच्या दारात, आणि मी नर्सचा हात बघून हावरी झाले. क्रुसापाशी एवढा मोठा शब्द देऊन आले होते, तरीसुद्धा! आता तो हात लुदविनला हवा असं वाटतं. देवाने पोर दिली, जगवली, अकरावी केली — आता वर नर्स पण! पान भरलेलं असताना लोणचं कुठाय म्हणून ओरडणाऱ्यातली मी.

पाद्रींकडे कुमसाराला, पापं कबूल करायला, जाऊ का? पण पाप म्हणून कुठलं सांगू?

२४ एप्रिल

लुदविन उठायच्या आधी रोज तिच्या कपाळाला उलटा हात लावून बघते. मला काही कळत नाही. गरम-थंड सगळं सारखंच.

२८ एप्रिल

महादूने आज पाणी नको म्हटलं. माझं तोंड बघून असेल.

२ मे, शुक्रवार

आधी लिहिते, मग जेवते.

उद्या तीन मे, क्रुसाचा सण. दारातल्या क्रुसाला चुना काढला, लादिनीसाठी चणे भिजत घातले. मग घरातला देवाचा आल्तार पुसायला घेतला. सांत आंतोनची तसबीर उतरवली. हरवलेली वस्तू शोधून देतो तो संत! आणि त्याच्याच पाठीमागे अर्ज. घडी करून. सगळा भरलेला, सुंदर अक्षर, खाली सही. पाकीटसुद्धा आत.

पंचवीस दिवस मी फाटकाशी उभी!

लुदविन विहिरीवरून आली. मी कागद दाखवला. घागर तिनं सावकाश उतरवली.

"पापाक कळवून बसलंय," मी म्हटलं. "हिराक नारळ दिलंय! बापाची बोट खंयच्या खंय असात, तो थंय वाट बघता! फटी मारलंस, खोटा सांगलंस माका?"

"मारलंय."

"कित्याक?"

मग ती बोलायला लागली. जन्मात एवढी बोलली नव्हती. "आमटीत मीठ कमी पडलां, मी बोललंय. तू काय म्हटलंस? जिती आसस मां, गप जेव. साटीनाचो फ्रॉक मागलंय. जिती आसस मां! शाळेच्या सहलीक सगळी पोरां आंबोलीक गेली. जिती आसस मां! शामाय, मी तुझ्या शबदावर जगलंय. तू देवाक सांगितलंस, ह्याच्यापुढे काय नको. मगे मी कशी मागू?"

मी अर्ज पदराने पुसला, घडी परत तशीच घातली. आणि गाव म्हणतं, पास्कीनच्या तोंडाला झाकण नाही!

अर्ज पोचायची शेवटची तारीख दहा मे. पाकिटावर तिनेच बारीक लिहून ठेवली आहे.

३ मे

लादीन झाली. क्रुसाला झेंडूच्या माळा, मेणबत्त्या, वाडीतली सगळी माणसं — आमची आणि हिराकडची. चणे सगळेच खातात. पाद्रींनी गाणं उचललं. "ओरा प्रो नोबिस"ला माझा आवाज पहिला असतो दर वर्षी. आज सगळ्यांच्या मागून. मी मेणबत्तीकडे बघत होते आणि मनात एकच — बारा वर्षं मी आभार मानते म्हणाले, आणि पोरीच्या तोंडाला कुलूप घातलं.

माणसं पांगली. हिरा चण्यांचा द्रोण घेऊन पायरीवर बसली. येताना बांगडे आणले होते, पानात बांधून. मी घेतले आणि सवयीनं म्हटलं, "देव बरें करूं."

"करूं दे, करूं दे," ती म्हणाली. "बारा वर्सां मागतंस माझ्यासाठी, कधीतरी करतलोच!"

मी म्हटलं, मी कधी मागितलं?

"आता मागलंस ता काय? देव बरा करूं! देवान बरा करूचा, असाच मां? माका वाटला, ह्या बायचो जीव आसा माझ्यार. रोज सकाळी माझ्यासाठी मागणा घालता. म्हणान तर चार बांगडे वाढीव घालतंय गो! फुकट घालतंय?"

"ता मागणा न्हय," मी म्हटलं. "ते आभार."

"मगे आभार खंय आसत त्येच्यात? सांग! देव इलो, बरा इला, करूं इला. आभार खंय इले?"

मी शब्द उलटा केला, सुलटा केला. देव. बरें. करूं. बाई गं! खरंच कुठे नाहीत! आमच्या बोलीत आभार मानायला दुसरा शब्दच नाही. देणाऱ्याचं बरं मागायचं, तेच आभार. म्हणजे रोज रात्री तेर्सानंतर मी देवालाच म्हणत होते — करत राहा. बारा वर्षं, एक रात्र न चुकता!

मागे लुदविन उभी होती. महिनाभराने हसली. अशी हसली, अशी हसली, की द्रोण सांडला. "शामाय, तू तर देवाक हैराण केलंस!"

पाद्री छत्री विसरले होते म्हणून परत आले. त्यांना हिरानेच सगळं सांगितलं, नारळासकट. ते चष्मा काढून पुसत राहिले. मला वाटलं रागावले. खांदे हलत होते त्यांचे.

५ मे, सोमवार

उजाडताच निघालो. हिरा पुढे पाटी घेऊन, मागे आम्ही दोघी. अर्ज मी हिराच्या पाटीच्या झाकणावर ठेवू देईना, तरी लुदविन म्हणते बांगड्याचा वास लागलाय. लागू दे. कुठल्या गावची पोर ते कळेल.

टपाल कचेरीच्या पायरीवर लुदविन थांबली. पाकीट हातात.

"शामाय. पण शबुद मोडलो तर?"

"शबुद माझो होतो," मी म्हटलं. "तुझो नव्हतो. माझा मी बघतंय देवाकडे."

आणि तोंड फिरवून समोर भंडारी आळीच्या कौलांवर बसलेले कावळे बघत राहिले. ढकलायचं नाही असं ठरवून आले होते. अकरा कावळे. बाराव्याला ती बाहेर आली. हात मोकळे. रजिस्टर केलं म्हणाली. मी परत विचारलं नाही. एकदासुद्धा!

१२ मे

पोचलं असेल. नसेल. असेल.

२८ मे

बोलावलं! बारा जूनला मुलाखत! महादू फाटकापासूनच ओरडत आला. त्याला पाणी नाही, सरबत दिलं, कोकमाचं, आणि नेवऱ्या. लुदविन पत्र वाचत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. कान लाल. तिला हवं होतं! माझ्याहून जास्त हवं होतं! मी आपली माझ्या हावेची कबुली लिहीत बसले होते.

९ जून

मालवणहून एस.टी.त बसवली. सोबत पाद्रींची बहीण आहे, बेळगावचीच. आंबोलीच्या घाटात पाऊस कोसळतोय म्हणतात. ड्रायव्हरला म्हटलं, बाबा, सावकाश. तो म्हणाला, आजी, मलाही घरी जायचंय.

खिडकीतून हात बाहेर काढून तिने माझ्या कपाळाला लावला. उलटा.

"काय गो, कळता काय?" मी विचारलं.

"ताप नाय," म्हणाली. "पण उतरूक वेळ लागतलो."

१७ जून

कार्ड आलं. घेतलं तिला. परत येत नाही, राहिली तिथंच.

पावसाळ्याचा समुद्र बंद. हिराने सुके बांगडे आणले. मी म्हटलं, "देव बरें करूं."

"कोणाचा बरा गो?"

"माझा," म्हटलं.