गोजराच्या तोंडाचा रंग

उरवडे, तालुका मुळशी
नारळी पौर्णिमा, शके १८८२

तीर्थस्वरूप रत्नाअक्कास,

धाकट्या तुळजाचा साष्टांग नमस्कार. भाताची लावणी उरकली, भैरवनाथाच्या कृपेनं घरात सगळी धडधाकट आहोत. सासूबाईंचा गुडघा तेवढा पावसानं कुरकुरतो, पण तोंड चालू आहे म्हणजे तब्येत बरी समजायची.

तुझं पत्र पोचलं. गोकुळाष्टमीला जयसिंगाला कृष्ण करायचा, तर कपड्यांची नीळ चालेल का म्हणून विचारलंस. अजिबात लावू नकोस. कृष्ण सावळा होता गं, निळा कुठला! घरचं काजळ खोबरेलात पातळ कर. आधी सगळ्या तोंडाला नुसतं खोबरेल चोळ, मग ते काजळ हलकंसं लावायचं. गंध चंदनाचं. डोळ्यांच्या पापण्या आणि ओठ सोडून द्यायचे. पण हे सगळं आदल्या दिवशी त्याच्या कोपराच्या आत बोटभर लावून बघ. खाज सुटली, लाल झालं, तर कृष्ण बिनरंगाचा उभा राहू दे. काढताना पुन्हा खोबरेल, मग डाळीचं पीठ. घासलेट नको. अक्का, काही झालं तरी घासलेट नको.

एवढं ठासून का लिहिते, असं तुला वाटेल. इथवर लिहून मी उठले होते, दिवा लावून आले.

तू पुढं लिहिलंयस, तुझी गोजरा तोंड झाकून बसते, शाळेत जात नाही. म्हणते, "मी पोरगी आसून मारुती झाले, म्हणून देवी कोपली."

गेल्या वर्षी चैत्रात ती माझ्याकडे राहायला आली होती. हनुमान जयंतीला शाळेच्या पोरांचं सोंग होतं. "मावशी, मला वानर नको, मारुतीच कर," म्हणून तिनं माझं डोकं खाल्लं. तोंड तांबडं करायला गेरू हवा होता, त्यासाठी पौडला जावं लागलं असतं. घरात पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला रंग होता, डब्याच्या तळाशी. टाकून द्यायला माझा जीव होत नव्हता. तो मी तिच्या तोंडाला फासला. रात्री निघेना, तेव्हा घासलेटनं चोळला. ती रडत होती आणि मी म्हणत होते, "मारुती कुठं रडतो का?"

सकाळी तोंड सुजलेलं, गालावर फोड. सासूबाईंनी बघितलं न् म्हणाल्या, "देवी आल्यात. डाक्टर न्हाई बोलवायचा. लिंबाचा पाला लावा." ते रंगानं आणि घासलेटनं झालंय, हे मला ठाऊक होतं. मॅट्रिक झालेली सून आणि भाचीचं तोंड जाळलं, असं गावानं म्हणू नये म्हणून मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी तू धावत आलीस, तेव्हा तुझ्या हातात पाला मीच दिला. डॉक्टर वेळेवर आला असता तर कदाचित डाग राहिले नसते.

रोज देवीपुढं दिवा लावते आणि माझं पाप तिच्या नावावर ठेवून उठते. आज मघाशी दिवा लावला तेव्हा तिच्यापुढं बसून हे सगळं मोठ्यानं बोलले. सासूबाईंनी ऐकलं. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत, ते रास्तच आहे.

डाग जाईपर्यंत अनवाणी राहण्याचा नवस तू बोलली आहेस. पायात वहाणा घाल, अक्का. देवीनं काही केलेलंच नाही. पुण्यात कातडीचे डॉक्टर आहेत म्हणतात, गोजराला मी स्वतः घेऊन जाईन, तू पाठवलीस तर. नाही पाठवलीस तरी माझं काही म्हणणं नाही.

हे पत्र तिला सबंध वाचून दाखव. मारुती फार छान झाली होती, हेही सांग.

भाऊजींना नमस्कार. जयसिंगाला आशीर्वाद.
गोजराला आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. तिला माझा नमस्कार सांग.

तुळजा